ब्रीफ कोणी लिहायचे?

गेल्या आठवड्यात एका डिझाइन संस्थेत सत्राअखेरच्या ज्युरीला बाहेरचा परीक्षक म्हणून गेलो होतो. एका गटाच्या ब्रीफमध्ये, म्हणजे काय बनवायचे हे सांगणाऱ्या लेखी कामात, विषय होता 'वृद्धांसाठी औषधांची डबी'. गटात प्रॉडक्ट डिझाइनचे दोघे, संगणकशास्त्राचा एक आणि नर्सिंगची एक विद्यार्थिनी होती. डबी देखणी होती आणि गोळीची वेळ झाली की तिच्यावरचा दिवा लागत होता. नर्सिंगची विद्यार्थिनी मात्र सादरीकरणभर गप्प उभी होती. मी मुद्दाम विचारले तेव्हा ती म्हणाली, की तिने वॉर्डात पाहिलेले बरेचसे वृद्ध गोळीची वेळ विसरत नाहीत. स्ट्रिपमधून चार गोळ्या कापून घेतल्या की औषधाचे नाव आणि मुदतीची तारीख बहुतेक वेळा दुसऱ्याच तुकड्यावर राहते, हाती येतात ते एकसारखे चंदेरी चौकोन, आणि हे चौकोन फोडून गोळ्या डबीत टाकल्या की उरलीसुरली ओळखही पुसली जाते. हे आधी का सांगितले नाही, असे विचारल्यावर ती म्हणाली, "सांगितलं होतं सर, पण ब्रीफमध्ये डबीच लिहिली होती."

आंतरविद्याशाखीय, प्रकल्पाधारित शिक्षणाबद्दल आपण हल्ली जे उत्साहाने बोलतो, त्यातली खरी खोट मला या एका वाक्यात दिसली. आपण विद्याशाखा एका टेबलाभोवती बसवतो, पण प्रश्न काय आहे हे त्या बसण्याआधीच ठरवून टाकतो. मग नर्सिंगच्या ज्ञानाला उरते ते तयार वस्तूवर मान डोलावण्याचे काम.

विद्या एकत्र आणण्याची कल्पना जुनीच आहे. १९१९ साली जर्मनीतील वायमार येथे सुरू झालेल्या बाउहाउस या कला व डिझाइनच्या शाळेत सुरुवातीच्या वर्षांत प्रत्येक कार्यशाळेला दोन गुरू असत, एक रूपाचा आणि एक कारागिरीचा. १९५३ ते १९६८ या काळात चाललेल्या जर्मनीतीलच उल्म येथील डिझाइन संस्थेने समाजशास्त्र, गणित आणि चिन्हशास्त्र थेट डिझाइनच्या अभ्यासक्रमात आणले. उल्ममध्ये शिकवलेल्या डिझाइन-अभ्यासक होर्स्ट रिटेल यांनी १९७३ मध्ये नगररचनेचे अभ्यासक मेल्विन वेबर यांच्यासोबत मांडलेला मुद्दा तर आज प्रत्येक वर्गाच्या भिंतीवर असायला हवा. काही सामाजिक प्रश्न असे असतात, की त्यांची अंतिम व्याख्याच करता येत नाही. उत्तर शोधू लागल्यावरच प्रश्न कळत जातो. हे मान्य केले, तर पहिल्या दिवशी छापील ब्रीफ हातात देऊन चौदाव्या आठवड्यात वस्तू मागणे ही पद्धत मुळातच विसंगत ठरते.

यावर शिक्षकांची अडचण खरी आहे, हेही मान्य करतो. प्रश्न मोकळा सोडला तर अर्धे गट आठव्या आठवड्यापर्यंत नुसते भटकत राहतात, आणि त्यांना गुण कसे द्यायचे याचे सोपे उत्तर कोणाकडेच नाही. डेन्मार्कमधील आल्बोर्ग विद्यापीठाने १९७४ पासून समस्येवर आधारलेल्या गटप्रकल्पांनाच अभ्यासाचा कणा केले. तिथे समस्या ओळखणे आणि तिची मांडणी करणे हाच कामाचा पहिला टप्पा मानला जातो. म्हणजे भटकण्यालाही वेळापत्रकात जागा देता येते, फक्त ती आधीपासून ठेवावी लागते.

आज तर ती ठेवणे अधिकच गरजेचे झाले आहे. डबीचे दहा आकार आता संगणक काही सेकंदांत काढून देतो (आणि त्यातले दोन-तीन, खेदाने सांगतो, आमच्या पिढीच्या स्केचपेक्षा बरे असतात). कुटुंबे लहान होत आहेत, माणसे दीर्घायुषी होत आहेत, औषधे आता दारात येऊन पडतात. अशा वेळी डबी हवी की स्ट्रिपच्या छपाईची जागा बदलायला हवी, हे ठरवण्याची दृष्टी जिला रुग्णांच्या उशाशी उभे राहून आली आहे, तिला ब्रीफ लिहिताना बोलावले नाही, तर एकाच गटात चार शाखांचे विद्यार्थी घेण्याला काय अर्थ उरतो?

गुणपत्रिकेत संशोधन, कल्पकता, मॉडेल, सादरीकरण आणि संघभावना असे पाच रकाने होते. विद्यार्थ्यांनी मूळ प्रश्नच खोडून काढला तर त्याचे गुण लिहायला जागा नव्हती. म्हणून मी खालच्या शेऱ्यात शिफारस केली, की या गटाला पुढच्या सत्रात स्ट्रिपवर काम करू द्यावे. निघताना कळले, की पुढच्या सत्राची ब्रीफ छापून तयार आहेत.