घरी बसून दहा एपी? जरा थांबा

‘मुलांना घरीच दहा एपी करू द्या. सगळ्यांत ५ आले की मोठी कॉलेजं शाळेचे मार्क बघत नाहीत, आणि वर्षाची फीही वाचते.’ अमेरिकेतल्या आमच्या मराठी गटांत फिरणारा हा निरोप या महिन्यात मला तीनदा आला. एपी म्हणजे अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट: शाळेतच कॉलेजच्या तोडीचा विषय आणि मे महिन्यात कॉलेज बोर्डाची १ ते ५ गुणांची परीक्षा.

वर्गात न बसता ही परीक्षा देता येते, एवढं खरं. पण परीक्षेला बसवून घेणारी शाळा आपणच शोधायची, आणि नोंदणी आदल्या नोव्हेंबरमध्येच उरकायची.

शाळेचे मार्क बघत नाहीत, हे मात्र साफ चूक. सगळ्यात आधी तेच बघतात. माझ्या भाचीने अकरावीत मानसशास्त्र घरी केलं, ५ आणले. तिच्या ट्रान्स्क्रिप्टवर, म्हणजे शाळेच्या अधिकृत गुणपत्रकावर, त्या विषयाची ओळसुद्धा नाही, कारण तिथे वर्गात घेतलेले विषयच येतात. तो ५ अर्जात तिने स्वतः भरला. वर्षभराच्या चाचण्या, प्रयोग, शिक्षकांचं शिफारसपत्र यांची जागा मे महिन्यातली एक सकाळ कशी घेणार? युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचंच बघा. एपी वर्गात सी किंवा त्याहून चांगली ग्रेड असेल तर सरासरी काढताना जादा गुण मिळतो, त्यालाही मर्यादा आहे. नुसत्या परीक्षेतल्या ५ ने ती सरासरी तसूभरही हलत नाही.

फीचं म्हणाल तर कॉलेजागणिक वेगळं. कॅलिफोर्नियाच्या याच विद्यापीठात परीक्षेतल्या ३ गुणांपासून क्रेडिट मिळतं, म्हणजे तेवढा अभ्यास कॉलेजच्या पदवीत मोजला जातो, तिथे खरंच पैसे वाचू शकतात. कॅलटेक एपीला क्रेडिटच देत नाही. एमआयटी कॅल्क्युलस बीसीतल्या (एपीतला कॅल्क्युलसचा वरचा विषय) ५ ला देते, रसायनशास्त्र-जीवशास्त्राला नाही. म्हणजे निरोपातल्या ‘मोठ्या कॉलेजां’तच ही बचत सगळ्यात कमी.

मग घरी अभ्यास करूच नये का? जरूर करावा, पण शाळेत तो विषय नसेल तेव्हा. शाळेचा समुपदेशक अर्जासोबत शाळेची माहिती पाठवतो, त्यात कोणकोणते एपी शिकवतात ते असतं. जिथे कॅल्क्युलसच नाही अशा छोट्या शाळेतल्या मुलीने स्वतःच्या बळावर बीसीत ५ आणले, तर त्याला वजन आहे. शाळेत वर्ग चालू असताना तो टाळून घरी केलं, तर ‘का टाळला?’ हा प्रश्न उभा राहतो. आणि दहा विषयांच्या नादात मूळ वर्गातली ग्रेड घसरली, तर हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागल्यासारखं होतं. त्यात झोप जाते ती पोरांची. ते बघून माझा जीव तुटतो.

भाचीने यंदा एकच विषय घेतलाय, फिजिक्स सी मेकॅनिक्स. तिच्या शाळेत तो नाही, आणि तिला तो मनापासून आवडतो. काल रात्री उतारावरून घरंगळणाऱ्या चकतीचं गणित अडलं, तर स्वयंपाकघरातला पोळपाट तिरका धरून तिने त्यावरून डब्याचं झाकण सोडून बघितलं.