सिडनीची पहिली वाफेची गिरणी: इंजिनाचं कौतुक पुरे, दगडाबद्दल बोलू

ऑस्ट्रेलियातल्या पहिल्या वाफेच्या इंजिनाची गोष्ट बहुतेक ठिकाणी दोन वाक्यांत उरकलेली असते. जॉन डिक्सन नावाचा स्कॉटिश इंजिनिअर ऑक्टोबर १८१३ मध्ये 'अर्ल स्पेन्सर' जहाजातून इंजिन घेऊन सिडनीला उतरला. २९ मे १८१५ पासून त्या इंजिनावर त्याची पिठाची गिरणी चालू लागली. संपली गोष्ट. मधल्या एकोणीस महिन्यांत काय चाललं होतं, हे कुणी विचारत नाही. माझ्या मते खरा इतिहास त्या एकोणीस महिन्यांत आहे, आणि गिरणी सुरू झाल्यावर दगडांपाशी रोज जी झटापट चालायची तिच्यात आहे.

आधी अडचण काय होती ते बघू. सिडनी म्हणजे तेव्हा ब्रिटिश कैद्यांची वसाहत. १७८८ साली पहिल्या ताफ्याबरोबर लोखंडी हातचक्क्या आल्या होत्या, त्या वापरून वापरून लवकरच निकामी झाल्या. शिध्यात पुष्कळदा अख्खा गहू मिळे, म्हणजे दिवसभर राबून आल्यावर दळण आहेच. १७९७ मध्ये टेकडीवर पवनचक्की उभी राहिली. पण वारा पडला की चक्की थांबते, आणि सुसाट सुटला तरी शिडं उतरवून थांबवावीच लागते. म्हणून वाफेचं मोल वेगापेक्षा वायद्यात होतं. गहू आज टाका, पीठ उद्या न्या, हे छातीठोकपणे सांगता येणं.

गव्हर्नर लाखलन मॅक्वारीने डिक्सनला कॉकल बे, म्हणजे आजच्या डार्लिंग हार्बरच्या टोकाशी १५ एकर जमीन दिली. (हा मॅक्वारी आधी बरीच वर्षं मुंबईत लष्करी नोकरीत होता. त्याची पहिली बायको जेन जार्विस मुंबईतच पुरलेली आहे.) जागा पाण्याकाठी असण्याला कारण आहे. त्या काळातलं, जेम्स वॉटच्या पद्धतीचं इंजिन वाफेच्या दाबावर कमी आणि निर्वातावर जास्त चालायचं. बॉयलरमधला दाब हवेच्या दाबापेक्षा जेमतेम वर. सिलिंडरमधली वाफ कंडेन्सरमध्ये गार पाण्याच्या फवाऱ्याने आटवायची, तिथे पोकळी तयार होते, आणि दुसऱ्या बाजूचा दाब दट्ट्याला ढकलतो. वॉटचा हिशेब असा होता की एका अश्वशक्तीला तासाला एक घनफूट पाण्याची वाफ लागते, म्हणजे सुमारे २८ लिटर. ती वाफ आटवायला त्याच्या पंचवीसपट तरी गार पाणी. उदाहरणादाखल १० अश्वशक्तीचं इंजिन धरा: बॉयलरला तासाला २८० लिटर, कंडेन्सरला ७,००० लिटर. विहिरीवर भागणारं काम नव्हे हे. कंडेन्सरला खारं पाणी एक वेळ चालेल, पण बॉयलरला नाही. मिठाचा थर तळाला धरतो, पाणी आणि पत्रा यांच्यात उष्णता अडते, पत्रा लाल होतो आणि फुगतो. म्हणून गोडं पाणी हवंच, शिवाय ठरावीक दिवसांनी बॉयलर रिकामा करून आत माणूस उतरवून थर खरवडायचा.

पाया हीसुद्धा सोपी बाब नव्हती. तुळईचं इंजिन भिंतीवर तोललेलं असतं. भिंत एका बाजूने थोडी जरी खचली तरी दट्ट्याचा दांडा तिरका चालतो आणि सिलिंडर एकाच अंगाने झिजतो. सिडनीत बांधकामाचा चुना मिळायचा तो शिंपले भाजून. खाडीचं 'कॉकल' हे नावच मुळी शिंपल्यांवरून पडलेलं. दट्ट्याभोवतीचं पॅकिंग तागाच्या दोरीचं, चरबीत मुरवलेलं. ते ढिलं पडलं की वाफ निसटते, फार आवळलं तर इंजिनाची अर्धी ताकद घर्षणातच जाते. एखादा ओतीव भाग तुटलाच आणि जागेवर जमण्यासारखा नसला, तर इंग्लंडला निरोप जायला चार-पाच महिने आणि माल यायला तितकेच. म्हणून गिरण्यांच्या मोठ्या चाकाला लाकडी दाते बसवायची चांगली पद्धत होती. धक्का बसला तर लाकूड मोडेल, लोखंड वाचेल. लाकडी दाता सुतार संध्याकाळपर्यंत करून देतो.

आता दगड. तत्त्व आपल्या जात्याचंच. खालचा स्थिर, वरचा फिरता, मधे माकडी. फक्त आकार मोठा: चार फूट व्यास, वजन टनाच्या आसपास, मिनिटाला सुमारे १२० फेरे. जुना ढोबळ हिशेब होता की एका अश्वशक्तीमागे तासाला एक बुशेल गहू, म्हणजे २७ किलो. दगडांत एकमेकांना टेकणं नाहीच. इंग्लंडचे गिरणीवाले म्हणत, डोळ्यापाशी, म्हणजे मधल्या भोकापाशी, जाड तपकिरी कागदाएवढी फट आणि कडेला पातळ टिश्यू कागदाएवढी. कडेची फट जास्त राहिली तर कोंड्याला पीठ चिकटून वाया जातं. कमी झाली तर पीठ तापतं, त्यातला चिकटपणा मरतो आणि पाव फुगत नाही. दगडाला दगड घासला तर गारगोट्या आपटल्यासारखा वास येतो. ओलसर गहू घातला की खाचा बुजतात आणि दगडाखालून पिठाऐवजी लगदा येतो. टोके पडलेल्या गव्हाची तऱ्हा उलटी. दाणा आतून पोकळ, भरड्याला वजनच नाही.

पवनचक्कीत वाऱ्याच्या झोताने फेरे वाढले की वरचा दगड उचलला जाऊन फट वाढायची. ती आपोआप सांभाळायला फिरत्या गोळ्यांची एक युक्ती असे. लंडनच्या अल्बियन मिल या पिठाच्या गिरणीत ती पाहून वॉटचा भागीदार बोल्टनने १७८८ मध्ये त्याला कळवलं, आणि वॉटने ती इंजिनावर बसवली. तोच इंजिनाचा 'गव्हर्नर'. म्हणजे वाफेने पवनचक्कीला हरवलं असं जे उठसूट लिहिलं जातं, त्यात वाफेला वेगावर ताबा ठेवायला शिकवलं पवनचक्कीनेच, हे राहून जातं. आणि हरवलं तरी कुठे? डिक्सननंतरही सिडनीच्या टेकड्यांवर नव्या पवनचक्क्या उभ्या राहतच होत्या. वाऱ्याला कोळसा लागत नाही.

डिक्सनबरोबर त्याच जहाजातून आलेला त्याच्या हाताखाली शिकणारा उमेदवार टॉमस बार्कर पुढे स्वतः गिरणीमालक झाला. डिक्सनचं नाव आज चायनाटाउनमधल्या डिक्सन स्ट्रीटला आहे. दगडांना टाकी लावणाऱ्यांचं नाव कुठे नाही. बोथट झालेला दगड उचलून उलथा करायचा, रंग लावलेली पट्टी फिरवून उंचवटे शोधायचे, मग उशीवर कोपर टेकून पोलादी टाकीने खाचा परत धारदार करायच्या. हे काम दर काही आठवड्यांनी, कितीही नवं इंजिन आणा. टाकीच्या ठिणगीबरोबर पोलादाचे कण उडून मनगटापासून बोटांपर्यंत कातडीत रुतून बसत. इंग्लंडात असा कारागीर काम मागायला आला की मालक म्हणे, बाही वर कर. हात काळ्या ठिपक्यांनी भरलेला असेल तर काम मिळे.