नामंजूर विधेयकांचे दालन

विधिमंडळाच्या इतिहासाचे संग्रहालय मुंबईत असावे का, हा विषय फोनवर निघाला तेव्हा लालबागला राहणारे माझे मामा म्हणाले, "आमदारांच्या तसबिरी बघायला कोण जाणार? त्या पैशांत शाळांची डागडुजी करा." अकरा वर्षे ऑस्ट्रेलियाच्या राजधानीत, कॅनबेरात राहूनही मला त्यांचे म्हणणे उडवून लावता येत नाही, कारण तसबिरी, खुर्च्या आणि उद्घाटनांची छायाचित्रे एवढेच मांडायचे असेल तर मीही त्यांच्याच बाजूने मत देईन.

येथील जुन्या संसद भवनात १९२७ ते १९८८ पर्यंत कामकाज चालले आणि २००९ पासून तेथे लोकशाहीचे संग्रहालय आहे. नोव्हेंबर १९७५ मध्ये गव्हर्नर जनरलांनी पंतप्रधान गॉफ व्हिटलम यांना बडतर्फ केले, तो पेचप्रसंग तेथे झाकून ठेवलेला नाही. समोरच्या हिरवळीवर आदिवासींनी जमिनीच्या हक्कासाठी १९७२ मध्ये उभारलेला 'तंबू दूतावास' आजही आहे. अर्थात त्याचे श्रेय संग्रहालयाला नव्हे, तो टिकवून धरणाऱ्यांना आहे.

मुंबईजवळ सांगण्यासारखे याहून कमी नाही. मुंबई कायदेमंडळाची पहिली बैठक २२ जानेवारी १८६२ रोजी टाऊन हॉलमध्ये भरली, तेव्हा जगन्नाथ शंकरशेट यांच्यासारखे सदस्यही नेमलेले होते, लोकांनी निवडलेले नव्हते. पुढे खलाशांच्या वसतिगृहासाठी बांधलेल्या इमारतीचा कौन्सिल हॉल झाला, १९८१ मध्ये कामकाज नरिमन पॉइंटच्या विधान भवनात गेले, आणि त्या जुन्या कौन्सिल हॉलमध्ये आज राज्य पोलिसांचे मुख्यालय आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा कायदेमंडळाचे सदस्य सी. के. बोले यांचा ठराव १९२३ मध्ये संमत झाला, तरी चवदार तळ्याच्या पाण्यासाठी १९२७ मध्ये महाडला सत्याग्रह करावा लागला. ठराव आणि ओंजळ यांच्यामधली ही चार वर्षे संग्रहालयाने दाखवली पाहिजेत, कारण सभागृहाची ताकद आणि तिची मर्यादा दोन्ही त्यांत एकदम दिसतात.

माझ्यासाठी मात्र सर्वांत मोलाचा कागद न झालेल्या कायद्याचा आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी खोती, म्हणजे कोकणातील जमीनदारीसारखी पद्धत, नष्ट करण्याचे विधेयक मांडले. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातील शेतकऱ्यांचा मोर्चा कौन्सिल हॉलवर गेला. विधेयक तेव्हा संमत झाले नाही, आणि खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने. आमचे आजोबा रत्नागिरीकडे खोताचे कूळ होते. खळ्यावरच खोताचा वाटा मोजून द्यायचा आणि उरलेल्यात वर्ष काढायचे, हे आईने लहानपणी ऐकलेले आहे. ज्या सभागृहात त्या वाट्यावर वाद झाला, ते कुठे होते हे मात्र तिला कधी कोणी दाखवले नाही.

म्हणून संग्रहालय व्हावेच, पण त्यात संमत कायद्यांइतकीच जागा नामंजूर विधेयकांना, विरोधी बाकांवरच्या भाषणांना आणि दाराबाहेर थांबलेल्या मोर्चांना मिळावी; भाषणे मूळ शब्दांत, मराठीत, शाळकरी मुलांना वाचता येतील अशा अक्षरांत लावावीत. हे मी मामांना सांगितले. खोतीचा कागद तेथे असेल तर आईला घेऊन जाईन, एवढे त्यांनी कबूल केले. शाळांच्या डागडुजीची मागणी त्यांनी मागे घेतलेली नाही, आणि ती त्यांनी घेऊही नये.