‘बॉयकॉट’ म्हणजे वाळीत टाकणं? – एका प्रतिक्रियेला उत्तर

‘एक वाचक’ यांना,

‘बॉयकॉट’ हा शब्द कुठून आला यावरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली. ‘दोन-चार पानं चाळून लेख पाडणाऱ्यांना शब्दांचा इतिहास काय कळणार?’ अशी तिची सुरुवात. समोरासमोर बसलो असतो तर हे असं बोलला असता? टोपणनाव घेतलं की माणसाची भीड चेपते. असो.

एक चूक मान्य. ज्याच्या नावावरून हा शब्द आला, त्या कॅप्टन चार्ल्स बॉयकॉटला लेखात मी ‘जमीनदार’ म्हटलं. आयर्लंडमधल्या मेयो काउंटीतली ती जमीन लॉर्ड अर्नची, बॉयकॉट तिचा कारभारी. दुरुस्ती केली आहे. चूक कबूल करायला मला कमीपणा वाटत नाही. इतरांचं ठाऊक नाही.

आता तुमचं ते वाक्य : ‘बॉयकॉट करणं म्हणजे आपलं वाळीत टाकणंच, इंग्रजीने त्यात नवं काय दिलं?’

वाळीत टाकणं काय असतं ते कृपया मला शिकवू नका. माझ्या आजोबांना गावकीने दोन वर्षं वाळीत टाकलं होतं. गुन्हा काय, तर देवळाचा हिशोब मागितला. न्हावी दारात येईना, विहिरीवर आजीला बघून बायका कळशा उचलून निघून जात. पणजी गेली तेव्हा खांदा द्यायला शेजारच्या गावातून आजोबांचे मामेभाऊ आले. अख्खी गावकी एका घरावर उलटलेली.

मेयोत १८८० साली नेमकं उलट घडलं. पीक बुडालं म्हणून कुळांनी खंडात २५ टक्के सूट मागितली, अर्न १० च्या वर जाईना, आणि बॉयकॉटने कुळांना जमिनीवरून काढायच्या नोटिसा धाडल्या. मग मजूर शेतातून उठले. लोहार, धोबीण, टपाल आणणारा पोरगा, सगळ्यांनी पाठ फिरवली. म्हणजे इथे दुबळ्यांनी बळवंताची कोंडी केली. पीक काढायला बाहेरून ५० माणसं आणावी लागली, त्यांच्या राखणीला सुमारे हजार सैनिक आणि पोलीस. ५०० पौंडांच्या पिकापायी १०,००० पौंड खर्च झाल्याचं सांगतात!

अमेरिकन पत्रकार जेम्स रेडपाथ तिथे होता. या कोंडीसाठी त्याच्याकडे ‘ऑस्ट्रसाइज’ (समाजाबाहेर काढणं) हे जुनं इंग्रजी क्रियापद तयार होतं, पण ते शेतकऱ्यांना कळायचं नाही. तिथले धर्मगुरू फादर जॉन ओमॅली यांनी सुचवलं, ‘बॉयकॉट’ म्हणा. तुम्ही म्हणाल, अडचण समजण्याची होती, अर्थाची नव्हे. म्हणा. पण जिवंत माणसाच्या नावाचं क्रियापद होतं आणि काही आठवड्यांत लंडनच्या वर्तमानपत्रांत पोचतं, ते उगाच?

उच्चार ‘बायकॉट’ की ‘बॉयकॉट’, यावर मी वेळ घालवणार नाही. तुम्ही दिलेला टिळकांच्या चतुःसूत्रीचा दाखला मात्र तुमच्यावरच उलटतो. त्यांनी विलायती मालावर ‘बहिष्कार’ घाला म्हटलं, माल ‘वाळीत टाका’ नव्हे.

पुढच्या वेळी नाव घालून लिहा. उत्तर देईन, कदाचित याहून सौम्य.