घड्याळाच्या सेलऐवजी सुपरकॅपॅसिटर : एका आक्षेपाला उत्तर

नमस्कार.

विहिरीवरच्या मोटरच्या टायमरमध्ये डीएस३२३१ या घड्याळाच्या मॉड्यूलवरील, वीज नसताना घड्याळ चालू ठेवणारा बटन सेल काढून त्या जागी १ फॅरड, ५.५ व्होल्टचा सुपरकॅपॅसिटर (सेलसारखी थोडी वीज साठवणारा, पुन्हा पुन्हा भरता येणारा भाग) बसवावा, असे मी मागील लेखात सुचवले होते. त्यावर आपला आक्षेप असा आहे की, सुपरकॅपॅसिटरमध्ये सेलच्या शंभराव्या हिश्श्याइतकीही वीज मावत नाही, तो बसल्या जागी रिकामा होतो, आणि आपल्याकडे डीपी (गावातला ट्रान्सफॉर्मर) जळाली की आठ-दहा दिवस वीज नसते. अशा वेळी घड्याळ चुकून मोटर भलत्याच वेळी सुरू झाली तर जबाबदार कोण? 'कायमचा पर्याय' हा माझा शब्दप्रयोगही आपल्याला खटकला आहे. तो मी मागे घेतो आणि लेखातूनही काढतो. बाकीच्या मुद्द्यांचे उत्तर मात्र सविस्तर द्यायला हवे.

शंभराव्या हिश्श्याबद्दल आपण मला झुकते मापच दिले आहे. सीआर२०३२ या नेहमीच्या बटन सेलची क्षमता सुमारे २२५ मिलिअँपिअर-तास, म्हणजे ८१० कूलोंब (विद्युतभार मोजण्याचे एकक). या मॉड्यूलवर सुपरकॅपॅसिटर साधारण साडेचार व्होल्टपर्यंत भरतो आणि घड्याळाची चिप २.३ व्होल्टच्या खाली चालण्याची हमी नाही. म्हणजे वापरता येतो तो फक्त मधला २.२ व्होल्टचा टप्पा, अर्थात २.२ कूलोंब. चिप जास्तीत जास्त ३ मायक्रोअँपिअर घेते असे धरले, तर सेलवर ती साडेआठ वर्षे चालेल आणि सुपरकॅपॅसिटरवर साडेआठ दिवस, तेही गळती (बसल्या जागी आपोआप कमी होणारा भार) शून्य मानून. साठवणीच्या शर्यतीत सुपरकॅपॅसिटर कधीच जिंकणार नाही. माझा प्रश्न वेगळा होता : वीज जाते आणि परत येते, त्यामधले अंतर किती? शेतीच्या फीडरला थ्री-फेज दिवसा ८ तास किंवा रात्री १० तास मिळते असे धरले, तर घड्याळाला रोज चौदा-सोळा तासांचीच मजल मारायची असते. त्यासाठी साडेआठ वर्षांचा साठा लागत नाही.

हा विचार मला सुचला तो एका फुगलेल्या सेलमुळे. एप्रिलमध्ये एका शेतावर स्टार्टरशेजारची पत्र्याची पेटी उघडली, तेव्हा मॉड्यूलवरचा सेल मधोमध पुरीसारखा फुगला होता, पत्तीवर पांढरट क्षार जमला होता आणि घड्याळात २००० सालची १ जानेवारी दिसत होती. दोष सेलचा नव्हता. या स्वस्त मॉड्यूलवर २०० ओहमचा एक रेझिस्टर (प्रवाहाला आवर घालणारा) आणि एक डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा) असतो. ही जोडी पुन्हा चार्ज होणाऱ्या एलआयआर२०३२ सेलसाठी ठेवलेली आहे. बाजारात मात्र आपल्याला सहज मिळतो तो सीआर२०३२, जो चार्ज करायचाच नसतो. मॉड्यूलला ५ व्होल्ट दिले की वीज असेपर्यंत त्या सेलमध्ये उलटा प्रवाह रेटला जातो. सुपरकॅपॅसिटरला नेमकी हीच जोडी सोयीची पडते : सुरुवातीचा प्रवाह वीस-बावीस मिलिअँपिअरवर अडतो आणि अर्ध्या तासाच्या आत तो जवळजवळ भरतो. (डीएस१३०७ असलेल्या मॉड्यूलवर मात्र हा प्रयोग करू नये, त्या चिपच्या बॅटरीच्या पिनची मर्यादा ३.५ व्होल्ट आहे.)

गळतीबद्दल आपले म्हणणे बरोबर आहे, आणि माझ्या लेखातली खरी उणीव तीच होती. मल्टीमीटर साडेचार व्होल्ट दाखवतो म्हणून सुपरकॅपॅसिटर पूर्ण भरला असे होत नाही. आतल्या सच्छिद्र कार्बनच्या खोल छिद्रांपर्यंत भार पोहोचायला वेळ लागतो, म्हणून गळतीचा प्रवाह कित्येक तास घटत राहतो आणि उत्पादकही तो बहुधा ७२ तास चार्ज करून मग मोजतात. आपल्या टिप्पणीनंतर मी एक नग तीन दिवस चार्ज करून वीज काढली. पाचव्या दिवशी तो २.९ व्होल्टवर होता. तोच नग पूर्ण रिकामा करून फक्त तासभर चार्ज केला, तेव्हा पहिल्याच रात्री तो बराच खाली घसरला. हे एकाच नगाचे आकडे आहेत, त्यावरून नियम काढू नये. पण मी चार-पाच दिवसांवर भरवसा ठेवीन, दहा दिवसांवर नाही.

मोटर भलत्या वेळी सुरू होण्याची भीती मला सर्वांत गंभीर वाटते, कारण विहिरीत कुणी उतरलेले असू शकते. मात्र हा धोका सेल संपल्यावरही तितकाच आहे. ऑसिलेटर, म्हणजे घड्याळाचे ठोके देणारा भाग, मध्ये थांबला होता की नाही, याची नोंद चिपच्या स्टेटस रजिस्टरमधील (स्थिती नोंदवण्याच्या जागेतील) एक बिट, म्हणजे ० किंवा १ असा अंक, ठेवतो. वीज आल्यावर प्रोग्रॅमने आधी तो बिट वाचावा, आणि तो १ असेल तर वेळ पुन्हा लावेपर्यंत रिले (मोटर सुरू करणारा स्विच) ओढू नये. माझ्या प्रोग्रॅममध्ये ही तपासणी होती, पण लेखात मी तिचा उल्लेखही केला नाही. ही चूक माझीच.

सुपरकॅपॅसिटरच्या आयुष्याबद्दलही लेखात असेच राहून गेले. लाखो वेळा भरून रिकामा झाला तरी सुपरकॅपॅसिटर झिजत नाही हे खरे. त्याला मारते ती उष्णता. ७० अंशांवर १००० तास असे लिहिलेल्या नगाचे आयुष्य दर १० अंश कमी तापमानाला दुप्पट होते असा ठोकताळा आहे. म्हणजे पूर्ण व्होल्टेजला, ४० अंशांवर, ८००० तास, एक वर्षही नाही. साडेपाचऐवजी साडेचार व्होल्टवर ठेवल्याने ते काही पटींनी वाढते, आणि तेव्हाही तो एकदम मरत नाही, क्षमता हळूहळू उतरते. तरीही पत्र्याची पेटी उन्हात असेल तर ती सावलीत हलवणे हाच पहिला उपाय आहे.

आपल्या विहिरीसाठी, जिथे आठ-दहा दिवसांचा खंड नेहमीचा आहे, तिथे सेलच ठेवावा असे मी आता म्हणतो. फक्त सीआर२०३२ बसवण्यापूर्वी मॉड्यूलवरचा तो २०० ओहमचा रेझिस्टर सोल्डरिंगने काढून टाका, आणि ५ व्होल्ट चालू ठेवून रिकाम्या खोबणीच्या दोन पत्त्यांमध्ये मल्टीमीटर लावून पाहा. तिथे साडेचार व्होल्ट दिसत असतील, तर चुकीचा रेझिस्टर निघाला आहे.