पैसे परत देतोय, आणि चूक कुठे झाली तेही सांगतो

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू परवाच वाचला. उत्तराला दोन दिवस लागले, कारण तुम्ही लिहिलेली प्रत्येक गोष्ट आधी स्वतःच्या कानांनी ऐकायची होती. मध्ये फोनवर तुम्ही शांतपणे सगळं सांगितलंत, त्याबद्दल आभार.

वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. सरांनी आमच्याकडून एक छोटा डॅक-अँप नेला, म्हणजे मोबाईल-लॅपटॉपमधल्या डिजिटल गाण्याचं विजेच्या सिग्नलमध्ये रूपांतर करून तो हेडफोनसाठी वाढवणारं यंत्र. त्यांची तक्रार अशी, की मोबाईलला लावल्यावर आवाजात काडीचाही फरक पडला नाही. उलट मागे सतत सूंऽऽ येतं आणि हळू आवाजात डावा कान जास्त वाजतो. लॅपटॉपला लावून पुढे स्पीकरला जोडला, तर घूंऽऽ. परत करायला आले तेव्हा काउंटरवर "सील फोडलंय, आता घेता येणार नाही" असं उत्तर मिळालं. शेवटी त्यांनी लिहिलंय, "डॅक वगैरे सगळ्या भूलथापा आहेत."

शेवटचं वाक्य सोडलं तर सगळं खरं आहे.

परवा रात्री शटर अर्धं खाली ओढलं, पंखा बंद केला आणि तुमच्याच मॉडेलचा नवा पीस उघडला. फोनवर तुम्ही सांगितलेत तसेच १६ ओहमचे इअरफोन लावले (ओहम म्हणजे इअरफोन विजेला किती अडवतो त्याचं माप). एक जुना ख्याल सुरू केला. सुरुवातीला नुसते तंबोरे, मग पहिला सा. तंबोऱ्यांच्या मागे बारीक सूं स्पष्ट ऐकू येत होतं. गाणं पॉज केलं तरी ते थांबलं नाही. नॉब पूर्ण खाली आणला तरी तेवढंच. म्हणजे ते रेकॉर्डिंगमधलं नाही, अँपचं स्वतःचं आहे. गेनचं बटण (अँप सिग्नल किती पट वाढवणार ते ठरवणारं) 'हाय'वरून 'लो'वर टाकलं तेव्हा बरंच कमी झालं, पण गेलं नाही. आणि नॉब अगदी सुरुवातीला असताना तंबोरा खरंच डावीकडे सरकत होता. विलंबित ऐकणाऱ्या माणसाला हे किती टोचत असेल ते मला कळतं. मीही तेच ऐकतो.

याचं कारण सांगतो, कारण पुढच्याने वस्तू घेताना ते उपयोगी पडेल. तुमच्या इअरफोनच्या खोक्यावर १६ ओहम आणि एका मिलिवॅटला १०५ डेसिबल असं लिहिलंय, म्हणजे एक मिलिवॅट ताकद दिली की एवढा आवाज. १६ ओहमला एक मिलिवॅट म्हणजे साधारण ०.१३ व्होल्ट. १०५ डेसिबल फार मोठा आवाज आहे, कोणी तसं ऐकत बसत नाही. रात्री घरात आपण ७५ च्या आसपास ऐकतो, आणि तेवढ्याला या इअरफोनला फक्त ४ मिलिव्होल्ट लागतात. तुम्हाला दिलेला अँप हाय गेनवर ४ व्होल्टपर्यंत जातो. तुमची गरज त्याच्या हजाराव्या भागाची. मग नॉब जेमतेम हलतो, आणि त्या टोकाला साध्या नॉबचे डावे-उजवे भाग सारखे चालत नाहीत. अँपचा स्वतःचा सूक्ष्म आवाजही इतके संवेदनशील इअरफोन उचलून कानात आणून ठेवतात. यंत्र बिघडलेलं नाही. ते तुमच्यासाठी नव्हतंच, आणि ते आम्ही तुम्हाला दिलं.

त्याच रात्री त्याच अँपला पाव इंची जॅकने सेनहायझरचा एचडी ६०० हा मोठा हेडफोन लावला. तो ३०० ओहमचा आहे. साध्या डोंगलच्या (फोनच्या चार्जिंग पोर्टला लावून हेडफोन जोडायची छोटी वायर) १ व्होल्टवर त्याला ३.३ मिलिवॅट मिळतात, आणि या अँपच्या ४ व्होल्टवर ५३. सूं पूर्ण गायब, नॉब मध्यावर, दोन्ही कान सारखे. म्हणून तुमच्या "भूलथापा" या शब्दाशी मी सहमत नाही. ज्यांच्याकडे २५० किंवा ३०० ओहमचे हेडफोन आहेत आणि फोनवर आवाज पूर्ण वाढवूनही गाणं दबलेलं वाटतं, त्यांनी तुमचा अनुभव वाचून परत फिरू नये. त्यांना अँपचा खरोखर उपयोग आहे.

तुम्हाला मात्र नव्हता. आमच्या काउंटरवरच्या मुलाने तुम्हाला बजेट विचारलं. "कशावर ऐकता?" हा पहिला प्रश्न विचारलाच नाही. तुम्ही "जरा दमदार द्या" म्हणालात आणि त्याने दमदार दिलं. वर खोक्यावरचं "३२ बिट, ७६८ किलोहर्ट्झ" दाखवलं, म्हणजे डॅक किती बारकाईच्या डिजिटल फाइल वाजवू शकतो तो आकडा. तो आकडा आमच्या शेल्फवरच्या चिठ्ठीवरही मोठ्या अक्षरांत होता, आणि ती चिठ्ठी माझ्याच हातची. काल काढून टाकली. सीडी १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झची असते, तिच्यातच सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजात सुमारे ९६ डेसिबलचं अंतर मावतं. टेपवर घेतलेल्या जुन्या मैफलींचा स्वतःचा खरखराट त्याच्या खूप आधी सुरू होतो. तुम्ही जे ऐकता त्याला ७६८ चा काही उपयोग नाही, आणि तो आकडा पुढे करून वस्तू विकायला नको होती.

तुमच्यासाठी योग्य काय, तर साधा यूएसबी-सी डोंगल. हजार रुपयांच्या आतबाहेर मिळतो. फक्त त्याचा आउटपुट इम्पीडन्स, म्हणजे डोंगलचा स्वतःचा विजेला होणारा अडथळा, २ ओहमच्या आत असावा. इअरफोनच्या ओहमचा आठवा भाग, असा ढोबळ हिशोब आम्ही धरतो. त्याच्या वर गेलं तर काही इअरफोनचा मूळ स्वरच बदलतो. आणखी एक सांगतो. ॲपलचा डोंगल चांगला असला तरी बऱ्याच अँड्रॉइड फोनवर त्याचा आवाज खूपच कमी येतो. तुमचा फोन अँड्रॉइड आहे, म्हणून तो घेऊ नका, आमच्याकडूनही नको.

आता स्पीकरचं घूंऽऽ. फोनवर मी तुम्हाला लॅपटॉपचा चार्जर काढून बघायला सांगितलं, आणि चार्जर काढताच ते थांबलं. म्हणजे तो अर्थिंगचा लूप आहे. लॅपटॉपचा चार्जर एका भिंतीवरच्या सॉकेटला, स्पीकर दुसऱ्या भिंतीवर, दोघांची अर्थिंग वेगळ्या वाटेने जाते आणि मधल्या केबलमधून आपल्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुण वाहते. दोन्ही एकाच स्पाइक बोर्डावर घ्या, बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं. नाही भागलं तर ऑप्टिकल केबल वापरता येते. तिच्यातून उजेड जातो, वीज नाही, त्यामुळे लूप तयारच होत नाही.

तुम्ही म्हणालात, की ओळखीच्या एका इलेक्ट्रिशियनने तिसरी पिन काढून टाकायला सांगितलंय. कृपा करून काढू नका, सर. आवाज थांबेल, पण आत कधी फॉल्ट आला तर धातूच्या बॉडीत करंट उतरेल आणि तुमचा हात त्या बॉडीवर असेल. हा सल्ला मी काउंटरवर दर महिन्याला कोणाकडून तरी ऐकतो आणि दर वेळी धास्तावतो. गाणं ऐकण्यासाठी एवढी जोखीम कोणी घेऊ नये.

सील फोडल्यावर परत न घेण्याचा नियम मुलाने बनवलेला नाही, मी घातलेला आहे. मागे काही खोकी केबलशिवाय परत आली होती, तेव्हा चिडून घातला. पण ही वस्तू सील फोडून कानाला लावल्याशिवाय कळतच नाही, मग हा नियम गिऱ्हाइकावर अन्याय करणारा होता. तुम्हाला गर्दीत उभं ठेवून तसं उत्तर मिळालं, त्याबद्दल मी मनापासून माफी मागतो. मुलाला बोललो नाही, कारण त्याने माझंच ऐकलं होतं. या सोमवारपासून डॅक, अँप आणि डोंगल सात दिवसांत परत घेतो, सामान पूर्ण असलं की झालं. काउंटरच्या मागच्या कोपऱ्यात दोन खुर्च्या टाकल्यात. स्वतःचे इअरफोन आणि स्वतःचा फोन घेऊन या, रोजची गाणी लावा, बसून ऐका. काहीच घ्यायची गरज नाही असं निघालं, तर आम्ही तसंच सांगू.

तुमचे पूर्ण पैसे परत मिळतील, रोख किंवा तुम्ही दिले होते त्याच मार्गाने. डोंगल हवा असेल तर तीन वेगवेगळे काढून ठेवलेत. तुम्हीच ऐका, तुम्हीच ठरवा. रिव्ह्यू बदला असं मी म्हणणार नाही. जसं घडलं तसंच तुम्ही लिहिलंय.

रविवार सोडून कधीही या. संध्याकाळी सातनंतर आलात तर तपकीर गल्लीतली गर्दी जरा ओसरलेली असते, निवांत ऐकता येईल. बिल आणि खोकं नसलं तरी चालेल, नोंद आमच्याकडे आहे. तुमचे इअरफोन मात्र नक्की आणा.