किती पॉइंट झाले?

आता जो कोणी मला "अंदमानात किती पॉइंट झाले?" असं विचारील, त्याच्या डोक्यात मी नारळ घालणार आहे. सांगून ठेवतो.

दोन वर्षं पैसे साठवले. लातूरहून रात्रीची गाडी, सकाळी हैदराबादहून विमान आणि मग पोटातलं पोटात ठेवत बोट, एवढं करून नील बेटावर पोचलो. २०१८ साली त्याचं नाव शहीद द्वीप झालं, पण बोलताना सगळे नीलच म्हणतात. बेट ते केवढंसं! एक बाजार, चार रस्ते, केळी, सुपारी, भाजीचे वाफे. पूर्व बंगालातून उठून आलेल्या निर्वासितांना तिथं वसवलं होतं, त्यांची तिसरी पिढी आता खानावळी चालवते. संध्याकाळी सातला बाजार चिडीचूप. मला हेच पाहिजे होतं. ट्रॅव्हलवाल्यानं यादीत नीलला रात्रच धरली नव्हती. सकाळच्या बोटीनं जा, दुपारच्या बोटीनं परत या. भांडून दोन रात्री करून घेतल्या.

पण भांडायचं होतं आपल्याच माणसांशी, हे उशिरा कळलं.

साडूंचं अख्खं गोत बरोबर, अकरा माणसं. भरतपूरच्या किनाऱ्यावर मी झाडाखाली टेकलो न टेकलो तोच, "ओ साडू, इथं काय बसायलात? उठा उठा, अजून दोन पॉइंट राह्यलेत!" अहो, समुद्र आहे तो, पॉइंट कसला? पण ह्यांच्या मोबाईलात यादी. भरतपूर झालं, खूण. लक्ष्मणपूर झालं, खूण. सीतापूर झालं, खूण. रामायणातली नावं आहेत म्हणून मेहुणीनं गाडीतूनच हात जोडले, उतरायची पण तसदी नाही.

लक्ष्मणपूरला दगडाची नैसर्गिक कमान आहे, बंगाली लोक तिला हावडा ब्रिज म्हणतात. तिथवर जायचं तर ओहोटी लागते. आम्ही पोचलो भरतीला, कारण सकाळी निघायच्या वेळेला एकाचा फोन चार्ज व्हायचा होता. आता ह्यात गाईडचा काय दोष? पण साडूंनी त्या पोराला असं झापलं, जणू भरती त्यानंच सोडली होती. "आम्ही पैशे भरलेत!" आणि दुसऱ्या दिवशी भरतपूरला ओहोटी लागली, पाणी पार लांब सरकलं, तर हेच गृहस्थ कमरेवर हात ठेवून म्हणतात, "हे तर आपल्या बोअरसारखं झालं की. आटलं." हसू आलं, खोटं कशाला बोलू. पण त्याच उघड्या पडलेल्या प्रवाळावर मंडळी चपला घालून नाचायला लागली, फोटोसाठी. जिवंत असतं ते! भाच्यानं दोन तुकडे खिशात टाकले. ते नेणं गुन्हा आहे, विमानतळावर सामान तपासतात, हे सांगितलं तर मीच खडूस. "एवढ्या मोठ्या समुद्रातून दोन खडे गेले तर काय होतंय मामा?"

आणि तो स्पीकर. खोबऱ्याच्या वाटीएवढा डबा, पण आवाज गावच्या वरातीचा. समोर लाटा, वर माडाची झावळी, आणि मधे दणदण दणदण. शेजारी एक म्हातारं बंगाली जोडपं बसलं होतं. ते काही न बोलता उठून लांब जाऊन बसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घड्याळ आपलंच, पण सूर्य तिथं लातूरपेक्षा तासभर आधी बुडतो. डिसेंबरात पाचला खेळ खल्लास. हे मी तीनदा सांगितलं. पहिल्या दिवशी चारला ह्यांना भजी आठवली, आले तेव्हा अंधार. "उद्या बघू की, सूर्य काय पळून चाललाय?" दुसऱ्या दिवशी शंखाच्या माळांचा भाव करत बसले.

ह्या सगळ्यावर कडी म्हणजे पाणी. हॉटेलच्या न्हाणीत पाटी होती: गोडं पाणी कमी आहे, बादली वापरा. चहूकडं समुद्र असला तरी प्यायचं पाणी पावसाचंच ना. आणि आमचे लोक पायाची वाळू काढायला शॉवर सोडून फोनवर बोलत उभे! कुठले लोक? लातूरचे! २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा स्टेशनवर ते टँकर बघायला गेलेले. पाण्याच्या टाक्यांपाशी जमावबंदी लागली होती तेव्हा रात्री दोनला घागरी घेऊन रांगेत बसलेले. मी नळ बंद केला तर म्हणे, "भाड्यात धरलंय की ते." माझ्या कानशिलाची शीर उडायला लागली.

बरं, ह्यांना बसता येतच नाही म्हणावं, तर तसंही नाही. वेळ अमावस्येला हीच माणसं शेतात कडब्याच्या कोपीपाशी सकाळपासून दिवस कलेपर्यंत बसतात. आंबील पितात, भज्जी-उंडे खातात, बांधावर आडवी होतात. तिथं कुणी विचारत नाही, किती पॉइंट झाले. तिकिटाचे पैसे भरले की मात्र ह्यांच्या बुडाखाली विंचू येतो.

एकदाच, शेवटच्या पहाटे, साडेचारला एकटा उठून सीतापूरला गेलो. पूर्वेचा किनारा. वीस मिनिटं मिळाली असतील. कुत्रं एक होतं, तेही गप. मग फोन वाजला. "साडू, चहा कुठं मिळंल?"

परत येऊन आठ दिवस झाले. ग्रुपवर चारशे बारा फोटो आलेत, एकातही नुसता समुद्र नाही, प्रत्येकात कुणाचं तरी डोकं. आणि काल साडूंचा मेसेज: पुढच्या वर्षी बाली, सहा दिवसांत बावीस पॉइंट, शुक्रवारपर्यंत ॲडव्हान्स द्या. खाली सात अंगठे. आठवा माझ्या बायकोचा.